जीसी.कलेक्ट() टाकलं की बरं, काढलं की मेमरी पुन्हा फुगते: पायथनमधल्या सर्क्युलर रेफरन्सचा बंदोबस्त

लक्षणं साधारण अशी असतात. पायथनमध्ये लिहिलेला एक वर्कर दिवसभर चालू असतो. रांगेतून काम उचलतो, फाइल उघडतो, त्यातली पानं वाचतो, निकाल साठवतो आणि पुढच्या कामाला लागतो. रिस्टार्ट केल्यावर त्याची मेमरी अगदी माफक असते, काही तासांनी ती कितीतरी पट होते आणि शेवटी तो ज्या डॉकरसारख्या कंटेनरमध्ये चालतो तो 137 हा कोड देऊन बंद पडतो. म्हणजे मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून कर्नलनेच त्याला मारलेलं असतं. काही ठिकाणी मेमरी ठीक दिसते, पण ‘टू मेनी ओपन फाइल्स’ हा 24 नंबरचा एरर येतो, आणि कोडमध्ये एका वेळी एकच फाइल उघडलेली असते. विंडोजवर याच आजाराचं आणखी एक रूप दिसतं. काम संपल्यावर तात्पुरती फाइल डिलीट करायला गेलं की ती दुसरी कुठली प्रोसेस वापरते आहे असं सांगत विनएरर 32 येतो. शोधल्यावर कळतं की फाइल धरून बसलेली प्रोसेस आपलीच आहे.

मग कुणीतरी लूपच्या शेवटी जीसी.कलेक्ट() टाकतं, म्हणजे नको असलेले ऑब्जेक्ट शोधून मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला लगेच धावायला सांगतं, आणि सगळं सुरळीत होतं. काही महिन्यांनी दुसरं कुणीतरी वेग वाढवण्यासाठी ती ओळ काढतं आणि तक्रार परत येते. हा प्रश्न पुन्हा पुन्हा उगवतो तो यामुळेच. त्या ओळीने आजार ओळखता येतो, पण आजार बरा होत नाही.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

मेमरी वाढतेय एवढ्यावरून ‘सर्क्युलर रेफरन्स आहे’ असा निष्कर्ष काढू नका. एकाच लक्षणामागे तीन अगदी वेगळी कारणं असू शकतात आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिलं कारण म्हणजे ऑब्जेक्ट एकमेकांना धरून बसलेत (हाच सर्क्युलर रेफरन्स, म्हणजे चक्र) आणि गार्बेज कलेक्टरची वाट बघतायत. दुसऱ्यात चालू प्रोग्रॅममधलंच काहीतरी त्यांना अजून धरून आहे: एखादी ग्लोबल लिस्ट, कॅशे, लिसनरची यादी. तिसऱ्यात ऑब्जेक्ट केव्हाच गेलेत, पण मोकळी झालेली मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमला परत मिळालेली नाही.

तपासणी सोपी आहे. प्रत्येक कामानंतर तात्पुरतं जीसी.कलेक्ट() बोलवा आणि ते जो आकडा परत देतं तो लॉगमध्ये लिहा. कलेक्टरला सापडलेल्या, बाहेरून पोहोचता न येणाऱ्या ऑब्जेक्टची ती संख्या असते. दर कामामागे ठरावीक आकडा येत असेल, एका पानाच्या फाइलला लहान आणि शंभर पानांच्या फाइलला त्या प्रमाणात मोठा, आणि मेमरीही वाढायची थांबली असेल, तर चक्र आहे हे नक्की. आकडा जवळजवळ शून्य आणि लेन(जीसी.गेट_ऑब्जेक्ट्स()) मात्र दर कामाला वर सरकतोय, तर कुणीतरी जिवंत धरून ठेवतंय. दोन्ही स्थिर आहेत आणि फक्त सिस्टिमला दिसणारी मेमरी वर आहे, तर संशय तिसऱ्या कारणावर घ्या, किंवा सी भाषेत लिहिलेल्या एखाद्या लायब्ररीतल्या खऱ्या लीकवर.

तिसऱ्या कारणाबद्दल थोडक्यात. पायथन छोट्या ऑब्जेक्टसाठी सिस्टिमकडून मोठे तुकडे घेतो. 64 बिट मशीनवर 3.10 पासून हा तुकडा 1 एमबीचा असतो, त्याआधी 256 केबीचा असायचा. त्यात एक जरी ऑब्जेक्ट जिवंत राहिला तरी अख्खा तुकडा परत करता येत नाही. म्हणून एकदा वर गेलेला आकडा खाली न येणं म्हणजे लीक नव्हे. दर कामाला तो आणखी वर जातो का, एवढंच बघा.

आणि हे सगळं करण्याआधी जीसी.इझएनेबल्ड() एकदा छापून पाहा. वेगासाठी कलेक्टर बंद करायची पद्धत बरीच जुनी आहे. इन्स्टाग्रामच्या इंजिनिअरांनी 2017 मध्ये आपल्या वेब सर्व्हरवर तो बंद केला होता, आणि त्यांच्याच गरजेतून पुढे 3.7 मध्ये जीसी.फ्रीझ() आलं. त्यांच्याकडे त्यामागे मोजमाप होतं. तीच ओळ उचलून आपल्या कोडमध्ये टाकली आणि आपल्या कोडमध्ये चक्रं असली, तर ती कधीच साफ होणार नाहीत.

चक्र अडकतं कुठे

सीपायथनमध्ये, म्हणजे नेहमी वापरात असतो त्या पायथनमध्ये, प्रत्येक ऑब्जेक्टवर एक मोजणी असते: मला किती जण धरून आहेत. ती शून्यावर आली की ऑब्जेक्ट त्याच क्षणी जातो, त्यातली फाइल त्याच क्षणी बंद होते. बहुतेक कोड यावरच विसंबून असतो, लिहिणाऱ्याला ठाऊक असो वा नसो. आता हा नमुना बघा. स्क्रिप्ट देवनागरीत लिहिली आहे, पण रचना ओळखीची वाटेल.

    क्लास दस्त:
        डेफ __इनिट__(सेल्फ, पथ):
            सेल्फ.फाइल = ओपन(पथ, 'आरबी')
            सेल्फ.पानं = []

    क्लास पान:
        डेफ __इनिट__(सेल्फ, दस्त, चित्र):
            सेल्फ.दस्त = दस्त
            सेल्फ.चित्र = चित्र

फंक्शनमध्ये दस्त तयार झाला, लोकल व्हेरिएबलने त्याला धरलं, मोजणी 1. त्याचं एक पान तयार झालं आणि पानाने सेल्फ.दस्त मधून त्याला धरलं, मोजणी 2. पानाला ‘पानं’ या लिस्टने धरलंय, लिस्टला दस्ताने. फंक्शन संपलं, लोकल व्हेरिएबल गेलं, दस्ताची मोजणी 2 वरून 1 वर आली. आणि तिथेच थांबली. दोघे एकमेकांना जामीन राहिले आणि तिसऱ्या कुणाला दोघांचीही गरज उरली नाही, तरी कागदोपत्री दोघांचंही खातं चालूच आहे. फाइल उघडी, चित्र मेमरीत.

ही अडचण रेफरन्स मोजण्याच्या पद्धतीइतकीच जुनी आहे. जॉर्ज कॉलिन्स यांनी 1960 मध्ये ही पद्धत मांडली आणि हॅरॉल्ड मॅकबेथ यांनी 1963 मध्येच दाखवून दिलं की चक्राकार रचना तिला मोकळ्या करता येत नाहीत. पायथनने या मोजणीच्या जोडीला चक्रं शोधणारा कलेक्टर 2.0 मध्ये, म्हणजे 2000 साली आणला.

तो काम कसं करतो हे एकदा समजून घेतलं की पुढची निम्मी तपासणी डोक्यातच होते. तपासायच्या सगळ्या कंटेनर ऑब्जेक्टच्या (लिस्ट, डिक्शनरी यांच्यासारख्या, दुसऱ्यांना धरू शकणाऱ्या ऑब्जेक्टच्या) मोजणीची तो एक प्रत काढतो. मग प्रत्येक ऑब्जेक्टला विचारतो, तू कुणाकुणाला धरलंयस? ज्याला धरलंय त्याच्या प्रतीतून एक वजा करतो. आपल्या नमुन्यात दस्त 1, लिस्ट 1, पान 1. पानाने दस्ताला धरलंय, दस्त 0. दस्ताने लिस्टला, लिस्ट 0. लिस्टने पानाला, पान 0. तिघंही शून्यावर, म्हणजे बाहेरून कुणीच धरलेलं नाही, अख्खं टोळकं कचरा. पण समजा बाहेरच्या एखाद्या कॅशेमध्ये ते एक पान पडून आहे. मग पानाची मूळ मोजणी 2 असते, वजाबाकीनंतर 1 उरते. पान जिवंत ठरलं, पानावरून पोहोचता येतं म्हणून दस्त जिवंत, दस्तावरून लिस्ट, लिस्टवरून बाकीची सगळी पानं जिवंत. एका लघुचित्रासाठी कॅशेत ठेवलेलं पान शंभर पानांचा दस्त चित्रांसकट धरून ठेवतं. पहिलं आणि दुसरं कारण एकत्र आलं की हे असं होतं, आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त मेमरी इथेच खाल्ली जाते.

कलेक्टर आहे, मग मेमरी भरते कशी?

हा प्रश्न नेहमी येतो आणि त्याचं उत्तर पुरेसं माहीत नसतं. कलेक्टर केव्हा धावायचं हे ऑब्जेक्टच्या संख्येवरून ठरवतो, आकारावरून नाही. बराच काळ डिफॉल्ट आकडे 700, 10, 10 असे होते. नवे तयार झालेले कंटेनर ऑब्जेक्ट वजा गेलेले, ही संख्या 700 च्या पुढे गेली की सगळ्यात तरुण पिढीची झाडलोट होते (ऑब्जेक्ट किती झाडलोटींतून टिकले यावरून त्यांच्या पिढ्या पडतात). नव्या आवृत्त्यांमध्ये आकडे बदलले आहेत, म्हणून आपल्या मशीनवर जीसी.गेट_थ्रेशोल्ड() बोलवून खात्री करा. एमबीचा हिशेब मात्र तो करत नाही.

आता आकडे घालून बघू. ए4 पान 300 डीपीआयला रंगीत स्कॅन केलं की 2480 गुणिले 3508 पिक्सेल होतात, प्रत्येकी 3 बाइट, म्हणजे सुमारे 26 एमबी. हा 26 एमबीचा बफर कलेक्टरच्या मोजणीत येतच नाही, कारण तो कंटेनर नाही, नुसती बाइटची रांग आहे. एका पानाच्या दस्तामागे चक्रात अडकलेले कंटेनर ऑब्जेक्ट दहा धरा. 700 ला पोहोचायला 70 दस्त लागतील. तोवर 70 गुणिले 26, म्हणजे 1820 एमबी अडकून पडलेले. वर्करला मेमरीची मर्यादा 2 जीबी असेल तर पहिली झाडलोट होते न होते तोच वर्कर मरतो. कलेक्टरच्या लेखी तर अजून काही घडलेलंच नसतं.

यात आणखी एक पेच आहे. झाडलोट झाली त्या क्षणी दस्त वापरात असेल तर तो वाचतो आणि पुढच्या पिढीत जातो. जास्त वेळ चालणाऱ्या कामात तो तिसऱ्या पिढीपर्यंत पोहोचतो, आणि तिथली पूर्ण झाडलोट क्वचित होते. 700, 10, 10 च्या हिशेबात तिसरी पिढी सत्तर हजारांहून जास्त ऑब्जेक्ट तयार झाल्याशिवाय उघडली जात नाही, आणि त्यावर आणखी एक अट असायची: नव्याने आलेले ऑब्जेक्ट जुन्या टिकलेल्यांच्या चतुर्थांशाहून जास्त असले पाहिजेत. मोठा डेटा सुरुवातीलाच मेमरीत घेऊन बसलेल्या प्रोसेसमध्ये ही अट लवकर पुरी होत नाही. म्हणून ‘टेस्टमध्ये दिसत नाही, फक्त लाइव्हवर होतं’ अशी तक्रार येते. टेस्टमध्ये दस्त छोटे असतात आणि कामं झटपट संपतात.

फाइलींचंही तसंच. लिनक्सवर एका प्रोसेसला एका वेळी उघडता येणाऱ्या फाइलींची सौम्य मर्यादा बहुतेक ठिकाणी 1024 असते. चक्रात अडकलेली प्रत्येक फाइल त्यातली एक जागा अडवते.

चक्र लपून बसतं त्या जागा

पालक आणि अपत्य एकमेकांना धरतात ही सगळ्यांना दिसणारी जागा. ती कोड वाचताना सापडते. त्रास देतात त्या दुसऱ्या दोन.

एक म्हणजे कॉलबॅक. ऑब्जेक्टने स्वतःच्याच हँडलरच्या यादीत सेल्फ.पूर्ण_झालं ही मेथड टाकली, की ती बांधलेली मेथड सेल्फला धरते आणि सेल्फ यादीला. लॅम्डा लिहिला आणि त्यात सेल्फचा नुसता उल्लेख आला तरी तेच. कोडमध्ये कुठेही ‘पालक’ किंवा ‘मालक’ असा शब्द नसल्यामुळे नजर घसरते.

दुसरी जागा एक्सेप्शन. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा थांबून बघू. पायथन 3 मध्ये प्रत्येक एक्सेप्शनला स्वतःचा ट्रेसबॅक, म्हणजे चूक कोणकोणत्या फंक्शनमधून आली त्याची नोंद, चिकटलेला असतो. ट्रेसबॅक फ्रेमला धरतो. फ्रेम म्हणजे त्या वेळी चालू असलेलं फंक्शन, त्याच्या सगळ्या लोकल व्हेरिएबलसकट. ‘एक्सेप्ट व्हॅल्यूएरर ॲज ई’ असं लिहिलं की ब्लॉक संपताच पायथन ई हे नाव स्वतःहून पुसतो, ते याच कारणासाठी. पण पुष्कळ ठिकाणी असा कोड असतो: तीनदा प्रयत्न करायचा, दर वेळी शेवटची_चूक = ई असं ठेवायचं, आणि तिन्ही फसले तर लूपबाहेर ती चूक रेज करायची. तिथे चक्र तयार झालं. फ्रेम शेवटची_चूक ला धरते, ती ट्रेसबॅकला, ट्रेसबॅक त्याच फ्रेमला. आणि त्या फ्रेममध्ये आपलं 26 एमबीचं चित्रही लोकल व्हेरिएबल म्हणून बसलेलं आहे. दुसऱ्या प्रयत्नात काम यशस्वी झालं तरी चक्र राहतंच. म्हणून नेटवर्क डळमळीत असलेल्या दिवशीच मेमरी वाढते आणि सगळे नेटवर्कच्या मागे लागतात.

ही गफलत किती सहज होते याचा पुरावा पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीतच आहे. कॉन्करंट.फ्यूचर्सचा सोर्स उघडून बघा: रिझल्ट() मेथडच्या फायनली ब्लॉकमध्ये सेल्फ = नन अशी ओळ आहे, आणि एक्सेप्शनबरोबरचं चक्र तोडण्यासाठी ती आहे असं वरच्या कॉमेंटमध्ये लिहिलेलं आहे. आपणही तेच करायचं. फायनली मध्ये डेल शेवटची_चूक, किंवा एक्सेप्शन साठवायचाच असेल तर विथ_ट्रेसबॅक(नन) करून, किंवा सरळ ट्रेसबॅकचा मजकूर करून तो साठवायचा. लॉगसाठी मजकूरच लागतो, अख्खी फ्रेम जिवंत ठेवायची गरज नसते.

धरणारा शोधायचा कसा

चक्र आहे एवढं कळलं, कोणतं ते कळलेलं नाही. अशा वेळी एका कामापुरतं, आणि फक्त आपल्या मशीनवर, जीसी.सेट_डीबग(जीसी.डीबग_सेव्हऑल) लावा. मग कलेक्टर सापडलेला कचरा टाकून न देता जीसी.गार्बेज या लिस्टमध्ये ठेवतो. त्यातले टाइप मोजा. डिक्शनरी आणि ट्यूपलचा ढीग बाजूला सारा, आपल्या क्लासची नावं शोधा, बहुधा एखादंच नाव वर येतं. लाइव्हवर हे लावू नका, कारण मग काहीच मोकळं होत नाही.

जिवंत धरणारा शोधायला जीसी.गेट_रेफरर्स() आहे, पण ते तुमच्या चालू फ्रेमसकट सगळंच दाखवतं आणि माणूस गोंधळतो. मारियस गेडमिनास यांचं ऑब्जग्राफ या कामाला खूप सोयीचं आहे. शो_ग्रोथ() दोन कामांच्या मध्ये कोणते टाइप वाढले ते सांगतं आणि शो_बॅकरेफ्स() मागे मागे जात चित्र काढून देतं. चित्रात बाण फिरून त्याच चौकटीत आला की चक्र सापडलं. बाण एखाद्या मॉड्यूलच्या डिक्शनरीत जाऊन थांबला तर चक्राला बाहेरून कुणीतरी धरलंय.

उघड्या राहिलेल्या फाइलींसाठी प्रोग्रॅम -एक्स डेव्ह लावून चालवा. बंद न करता गेलेल्या प्रत्येक फाइलीमागे रिसोर्सवॉर्निंग येईल, आणि जोडीला ट्रेसमॅलॉक चालू असेल तर ती फाइल कुठल्या ओळीवर उघडली होती तेही कळेल.

ही तपासणी नोटबुकमध्ये किंवा पायथनच्या प्रॉम्प्टवर करू नका. तिथे शेवटचा निकाल अंडरस्कोर या नावात राहतो, शेवटचा ट्रेसबॅक सिस्.लास्ट_ट्रेसबॅक मध्ये राहतो, आणि नोटबुक तर आधीचे निकालही जपून ठेवतं. नसलेलं लीक शोधत बसावं लागतं. वेगळी स्क्रिप्ट लिहा.

उपाय, माझ्या पसंतीच्या क्रमाने

पहिला प्रश्न असा विचारा: अपत्याला पालक खरंच लागतो का? बऱ्याचदा एखाद्या मेथडमध्ये एकदाच लागतो, आणि मग तो पॅरामीटर म्हणून देता येतो. स्टँडर्ड लायब्ररीत याची दोन उदाहरणं शेजारी शेजारी आहेत. एलिमेंटट्रीमधल्या एलिमेंटला आपला पालक ठाऊक नसतो, म्हणून झाड सोडून दिलं की लगेच जातं. मिनीडॉममध्ये प्रत्येक नोड पालकाला धरतो, म्हणून तिथे अनलिंक() नावाची खास मेथड द्यावी लागली. रचना ठरवतानाच मालकी एका दिशेने ठेवली तर पुढचा सगळा खटाटोप वाचतो. कोड नवा असेल तर मी यावरच अडून बसेन.

दुसरा उपाय: साधनसंपत्ती हातानेच बंद करा. फाइल, सॉकेट, डेटाबेस कनेक्शन, मोठा बफर यांचा शेवट कलेक्टरवर सोडायचा नाही. दस्ताला क्लोज() द्या, त्यात फाइल बंद करा आणि पानांची लिस्ट रिकामी करा, आणि विथ ब्लॉकमध्येच वापरा. मग चक्र मागे राहिलं तरी त्यात काही किलोबाइटचा सांगाडा उरतो, तो कलेक्टर सवडीने नेईल. एवढ्यावर लाइव्हवरचा बहुतेक त्रास संपतो. पायपाय (सीपायथनऐवजी वापरता येणारी पायथनची दुसरी आवृत्ती) वापरणाऱ्यांना तर दुसरा मार्गच नाही, कारण तिथे रेफरन्स मोजलेच जात नाहीत आणि चक्र नसलेली फाइलही लगेच बंद होईल याची खात्री नसते.

तिसरा उपाय वीक रेफरन्स. अपत्याने पालकाला वीकरेफ.रेफ(दस्त) असं धरायचं. त्याने मोजणी वाढत नाही. वापरताना सेल्फ._दस्त() असं बोलवायचं, पालक गेला असेल तर नन मिळतं. दिशा लक्षात ठेवा: पालक अपत्याला घट्ट धरतो, अपत्य पालकाला हलकं. उलटं केलं तर अपत्य जन्मतःच नाहीसं होतं.

यात ठेचा लागतात त्या या. पान = दस्त_उघडा(पथ).पानं[0] अशी ओळ कुणी लिहिली की ती संपताच दस्त जातो आणि पानाच्या हातात नन उरतं. त्यामुळे जिथे लायब्ररी वापरणारे दुसरे लोक आहेत तिथे पालक नाहीसा झाल्यावर स्पष्ट शब्दांत एरर द्या, नन वरचा गूढ ॲट्रिब्यूटएरर त्यांच्यावर सोडू नका. क्लासला __स्लॉट्स__ असेल तर त्यात '__वीकरेफ__' लिहावं लागतं, नाहीतर टाइपएरर येतो. साध्या लिस्टला किंवा डिक्शनरीला वीक रेफरन्स घेता येत नाही, त्यांचा सबक्लास करावा लागतो. आणि वीकरेफ.रेफ(सेल्फ.पूर्ण_झालं) लिहू नका. बांधलेली मेथड हा त्या क्षणापुरता तयार झालेला ऑब्जेक्ट असतो, तो लगेच जातो आणि कॉलबॅक कधीच येत नाही. त्यासाठी 3.4 पासून वीकमेथड आहे.

जीसी.कलेक्ट() ला मी शेवटची जागा देतो. चक्र दुसऱ्याच्या लायब्ररीत आहे, ती बदलता येत नाही, अशा वेळी प्रत्येक मोठ्या कामानंतर ते बोलवणं योग्यच आहे. फक्त शेजारी कॉमेंट लिहा: कोणतं चक्र, कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती. ती कॉमेंट नसते म्हणून पुढचा माणूस ओळ काढतो. गनिकॉर्नचं मॅक्स_रिक्वेस्ट्स किंवा सेलरीचं वर्कर_मॅक्स_टास्क्स_पर_चाइल्ड लावून वर्कर ठरावीक कामांनंतर बदलत राहणं हीसुद्धा रात्रीपुरती सोय आहे. ती करा, झोपा, आणि सकाळी चक्र शोधा.

__डेल__ बद्दल

ऑब्जेक्ट जाताना आपोआप चालणारी मेथड म्हणजे __डेल__. ‘__डेल__ मध्ये फाइल बंद करतो की’ हे उत्तर वारंवार ऐकू येतं. 3.4 च्या आधी तर ते घातकच होतं. चक्रातल्या ऑब्जेक्टला __डेल__ असेल तर कोणाचं आधी चालवायचं हे ठरवता न आल्याने पायथन त्या चक्राला हातच लावत नसे, सगळं जीसी.गार्बेज मध्ये जाऊन पडे. आंत्वान पित्रू यांच्या पेप 442 ने (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) 3.4 मध्ये ते सुधारलं. आता चक्रं साफ होतात, पण __डेल__ कोणत्या क्रमाने चालतील याचा भरवसा नाही. पानाच्या __डेल__ मध्ये सेल्फ.दस्त.फाइल ला हात लावला तर ती आधीच बंद झालेली असू शकते.

याहून वाईट म्हणजे कलेक्टर केव्हाही, कुठल्याही थ्रेडमध्ये धावू शकतो. एका थ्रेडने लॉक घेतलंय, त्याच थ्रेडमध्ये झाडलोट सुरू झाली, कुणाचं तरी __डेल__ चाललं आणि त्याने तेच लॉक मागितलं, की सगळं जागच्या जागी गोठतं. 3.7 मध्ये आलेल्या क्यू.सिंपलक्यू चं पुट() मुद्दाम असं लिहिलंय की ते __डेल__ मधूनही सुरक्षित बोलवता यावं. हा त्रास कितीजणांना झाला असेल हे त्यावरूनच समजतं.

शेवटचा आधार म्हणून काहीतरी हवंच असेल तर वीकरेफ.फायनलाइझ वापरा. त्याला सेल्फ.क्लोज देऊ नका. ती मेथड सेल्फला धरते, फायनलाइझ मेथडला धरतं, आणि ऑब्जेक्ट प्रोग्रॅम संपेपर्यंत जिवंत राहतो. फाइल ऑब्जेक्टची क्लोज द्या, सेल्फची नको.

चक्र नाही, पण तसंच दिसतं

मेथडवर लावलेलं एलआरयू_कॅशे (आधीचे निकाल साठवून ठेवणारं डेकोरेटर) हे नेहमीचं. कॅशे क्लासपाशी असतो, त्याच्या किल्लीत सेल्फ येतो, म्हणून एकदा मेथड बोलावलेला प्रत्येक ऑब्जेक्ट कॅशेत जागा असेपर्यंत राहतो. मॅक्ससाइझ नन असेल तर कायमचाच. इथे जीसी.कलेक्ट() चा काडीचाही उपयोग नाही. एका ऑब्जेक्टचं एकच मूल्य साठवायचं असेल तर कॅश्ड_प्रॉपर्टी वापरा, ते मूल्य ऑब्जेक्टबरोबरच जातं.

दुसऱ्या भाषांत काम करणाऱ्यांसाठी इतकंच. स्विफ्टमध्ये चक्र साफ करणारा कलेक्टर नाहीच, त्यामुळे क्लोजरमध्ये वीक सेल्फ लिहिलं नाही आणि चक्र झालं तर ते कायमचं. सी++ मध्ये वीक_पीटीआर, रस्टमध्ये वीक, तिथेही तेच. पीएचपीला चक्रं साफ करणारा कलेक्टर 5.3 मध्ये, 2009 साली मिळाला. जावा आणि आजच्या ब्राउझरांमधली जावास्क्रिप्ट मुळापासून शोध घेतात, म्हणून तिथे चक्राचं भय नाही. तिथे अडचण येते ती न काढलेल्या लिसनरची.

पुन्हा होऊ नये म्हणून टेस्ट

चक्र आज तोडलं तरी उद्या कुणीतरी एक सोयीचं सेल्फ.मालक जोडेल आणि ते रिव्ह्यूमध्ये दिसणार नाही. त्यावर एक छोटी टेस्ट पुरते. कलेक्टर बंद करायचा, ऑब्जेक्ट सोडायचा आणि तो नुसत्या मोजणीवर गेला का ते बघायचं.

    डेफ टेस्ट_दस्त_लगेच_जातो():
        जीसी.डिसेबल()
        ट्राय:
            दस्त = दस्त_उघडा(नमुना)
            दस्त.वाचा()
            खूण = वीकरेफ.रेफ(दस्त)
            डेल दस्त
            असर्ट खूण() इज नन
        फायनली:
            जीसी.एनेबल()

मधली दस्त.वाचा() ही ओळ गाळू नका. नुसता तयार करून सोडलेला ऑब्जेक्ट बहुधा बिनतक्रार जातो, चक्र जुळतं ते वापरताना, पानं भरताना, कॉलबॅक जोडताना. याच टेस्टचा दुसरा अवतार बिघडलेल्या फाइलवर चालवा, म्हणजे वाचा() मध्ये एक्सेप्शन येईल आणि तो पकडल्यावरही दस्त जातो का ते कळेल. माझ्या अनुभवात पहिली टेस्ट हिरवी आणि दुसरी लाल असं चित्र फार वेळा दिसतं, आणि लाल झालेल्या टेस्टमध्ये शोधायची पहिली जागा म्हणजे कुठेतरी व्हेरिएबलमध्ये ठेवून दिलेला तो एक्सेप्शन.